ट्यूब पुढे सरकते, स्क्रू पुन्हा ढिला: लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलच्या मॅगझिन ट्यूबचं दुखणं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. स्क्रू नवा घातला, थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावलं, आवळून बसवलं. आणि वीस-पंचवीस काडतुसं उडवली की ट्यूबचं तोंड पुन्हा दोन मिलिमीटर पुढे आलेलं. मग आणखी जोर लावून आवळायचं. तिसऱ्या खेपेला स्क्रूची खाच झिजते, चौथ्या खेपेला स्क्रूचं डोकं तुटतं. ट्यूब मात्र सरकायची ती सरकतेच, कारण या रायफलींत ट्यूब आवळून धरलेली नसते, अडवून धरलेली असते. ती नेमकी कुठे अडते, ते शोधल्याशिवाय पेचकस हातात घेण्यात अर्थ नाही.

शब्दांचा घोळ आधीच मिटवू. लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणजे ट्रिगरखालचा लिव्हर उघडून-मिटून पुढचं काडतूस आत घेणारी रायफल. मराठीत ‘बंदुकीची नळी’ म्हटलं की बॅरल. त्यामुळे बॅरलखालच्या काडतुसांच्या नळीला इथे सरळ ‘ट्यूब’ म्हटलं आहे. तिच्या पुढच्या तोंडातलं बूच म्हणजे प्लग, आणि आत काडतुसांना मागे ढकलणारी वाटी म्हणजे फॉलोअर.

हे दुखणं मुळात ट्यूब वेगळी झाल्यापासूनचं. १८६० च्या हेन्री रायफलीत ट्यूब आणि बॅरल एकाच लोखंडातून काढलेले होते, सरकायला वेगळं काही नव्हतंच. पण ट्यूबला खालून लांब फट होती, त्यातून माती जायची आणि फॉलोअरचा कान डाव्या हाताला आडवा यायचा. १८६६ च्या विंचेस्टरमध्ये नेल्सन किंगच्या पेटंटचं लोडिंग गेट, म्हणजे काडतुसं भरायचं झाकण, रिसीव्हरच्या (यंत्रणेच्या पेटीच्या) बाजूला आलं, ट्यूब बंद झाली आणि खाली हात धरायला लाकडी फोरएंड बसवता आला. तेव्हापासून प्रश्न उरला तो हा, की ही वेगळी ट्यूब बॅरलला धरायची कशी.

धरणाऱ्या तीन जागा, अडवणारी एकच

ट्यूबचं मागचं टोक रिसीव्हरच्या पुढच्या भोकात शिरतं. बहुतेक रायफलींत तिथे आटे नसतात. ते नुसतं बसतं. ती जागा ट्यूबला खाली-वर हलू देत नाही, पण पुढे यायचं म्हटलं तर मोकळं सोडते.

मधली जागा फोरएंडची. कार्बाइनमध्ये, म्हणजे आखूड रायफलीत, लाकडाभोवती मागचा बँड (धातूचं कडं) असतो, लांब रायफलीत लाकडाच्या टोकाला लोखंडी टोपी असते आणि ती बॅरलमध्ये डव्हटेलने (तिरक्या कडांच्या आडव्या खाचेत) बसवलेल्या छोट्या तुकड्याला, म्हणजे टेननला, दोन स्क्रूंनी धरलेली असते. ही जागा लाकूड सांभाळते. ट्यूबसाठी तिच्या भरवशावर राहू नये.

खरी अडवणूक पुढच्या जागेत, आणि तिच्या चार तऱ्हा नेहमी दिसतात. पहिलीत बॅरल आणि ट्यूब दोघांना कवेत घेणारा पुढचा बँड असतो आणि त्याचा स्क्रू दोघांच्या मधून आडवा जातो. दुसरीत बॅरलखाली डव्हटेलने बसवलेली कडी असते आणि तिच्यातून जाणारी बारीक पिन ट्यूबच्या पाठीवरच्या खाचेत अडकते. विंचेस्टरच्या जुन्या लांब रायफलींत ही पद्धत आहे. तिसरीत बॅरलमध्ये स्टड, म्हणजे आट्यांचा छोटा खुंट, असतो आणि प्लगचा स्क्रू खालून प्लगमधून वर जाऊन त्या स्टडमध्ये आटे पकडतो. चौथीत स्टडच नसतो. प्लगच्या स्क्रूचं टोक ट्यूबच्या वर बाहेर येतं आणि बॅरलच्या खालच्या अंगावरच्या उथळ खळग्यात शिरतं. काही रायफलींत यातल्या दोन एकत्र असतात. त्यामुळे मॉडेलच्या नावावरून अंदाज बांधण्यापेक्षा आपल्या रायफलीत काय आहे ते उघडून पाहावं.

का सरकते

धक्क्याने रायफल मागे जाते, ट्यूब आणि तिच्यातली काडतुसं जागच्या जागी राहू पाहतात. म्हणजे रायफलीच्या हिशेबाने ती पुढे जातात. काडतुसांची रांग स्प्रिंग दाबते आणि तो जोर प्लगवर येतो. .३०-३० या काडतुसाची १७० ग्रेनची गोळी ११ ग्रॅमची; त्याहून जाड .४५-७० ची ४०५ ग्रेनची २६ ग्रॅमची. .४५-७० ची चार काडतुसं आत असली तर नुसत्या गोळ्याच १०५ ग्रॅमच्या, पितळ आणि दारू वेगळी. एवढं वजन दर बाराला एका बारीक स्क्रूच्या टोकावर आदळतं.

यातूनच पहिली चाचणी निघते. ट्यूब रिकामी ठेवून, एकेक काडतूस थेट चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या घरात, घालून दहा बार काढा. मग ट्यूब भरून दहा. रिकाम्या ट्यूबने सरकत नाही आणि भरल्या ट्यूबने सरकते, तर अडवणारी जागा झिजली आहे. दोन्ही वेळा सरकते, तर ती जागा काम करतच नाही: स्क्रू आखूड आहे, पिन गायब आहे किंवा खाच जुळलेली नाही.

सरकणं डोळ्यांनी ठरवू नका. मास्किंग टेपचा तुकडा ट्यूब आणि पुढच्या बँडवर (किंवा कडीवर) मिळून चिकटवा, सांध्यावर ब्लेडने कापा आणि दोन्ही तुकड्यांवरून जाणारी एक बारीक पेन्सिल-रेघ ओढा. दुसरी टेप बँड आणि बॅरलवर. पाच बारांनंतर रेघा पाहा. पहिली तुटली आणि दुसरी अखंड, तर ट्यूब बँडमधून घसरते आहे. पहिली अखंड आणि दुसरी तुटली, तर बँडच ट्यूबला घेऊन पुढे चालला आहे. दोन्ही बिघाड वेगळे आणि उपायही वेगळे.

उघडण्याआधी

लिव्हर उघडा, चेंबर बोटाने चाचपा, मग लिव्हर पुन्हा पुन्हा चालवा. पण तेवढ्यावर रायफल रिकामी मानू नका. गंजलेल्या किंवा पोचा आलेल्या ट्यूबमध्ये फॉलोअर अडकतो, लिव्हरने काही येत नाही आणि एक काडतूस पुढेच बसून राहतं. रिसीव्हरच्या तोंडाशी फॉलोअरचं बूड दिसलं तरच ट्यूब रिकामी. फॉलोअर दिसत नसेल तर तिथेच थांबा आणि रायफल गनस्मिथकडे न्या.

प्लगमागे स्प्रिंग दाबलेली असते. स्क्रूचे शेवटचे दोन फेरे काढताना प्लगवर फडकं आणि अंगठा, डोळ्यांवर चष्मा, आणि चेहरा बाजूला. सुटलेली स्प्रिंग ट्यूबबाहेर वीतभर किंवा त्याहून जास्त येते, बिचकू नका. ती मुद्दाम लांब असते. तिचं जे टोक फॉलोअरला धरतं त्यावर खूण करा.

पेचकस साधा पाचरीसारखा नको. ज्याचं पातं दोन्ही बाजूंनी समांतर आहे आणि स्क्रूची खाच पूर्ण भरतं, तो घ्या. दोन्ही बँडचे स्क्रू सारखे दिसतात, पण अदलाबदल केली की एक बाहेर डोकावतो आणि दुसरा आटे पुरते पकडत नाही. कागदावर रायफलीचं ओबडधोबड चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी, त्याच्या बाजूला टोचून ठेवावा. कुठल्या बाजूने निघाला हेही त्यात आलं.

बँडवाली कार्बाइन

पुढच्या बँडचा स्क्रू काढून काचेवर लोळवा. वाकलेला स्क्रू डुगडुगतो. मग त्याच्या दांड्यावर भिंगातून पाहा. ट्यूब पुढे येते तेव्हा तिच्या खाचेची कड स्क्रूला मागून ढकलते, आणि स्क्रू बॅरलच्या खाचेच्या पुढच्या कडेवर जाऊन टेकतो. म्हणून दांड्याच्या खालच्या अंगाला मागे आणि वरच्या अंगाला पुढे असे दोन चकचकीत चपटे डाग दिसतात. असे डाग असतील तर स्क्रू आपलं काम करता करता झिजला आहे: नवा घाला, प्रश्न बहुतेक तिथेच संपतो.

डाग फक्त वर, बॅरलच्या बाजूला असेल, तर ट्यूबवर खाच नाही किंवा ती स्क्रूखाली येतच नाही. ट्यूब नीट बघा. खाच असेल पण एका बाजूला वळलेली, तर मागच्या वेळी ट्यूब फिरवून बसवली गेली आहे. खाच नसेलच तर तुमच्या रायफलीत बँडचं काम फक्त कवेत घेण्याचं आहे, आणि जोर प्लगच्या स्क्रूवर येतो. अशा ट्यूबवर कानशीने नवी खाच पाडायचा मोह होतो. ट्यूबचा पत्रा पातळ असतो. खाच आरपार गेली की आत काडतुसांची कड तिथे अडकते.

बँड परत बसवताना स्क्रू घालण्याआधी भोकातून उजेडाकडे बघा. पूर्ण गोल उजेड दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर बँड पुढे-मागे आहे. लाकडी ठोकळ्याने हलकेच सरकवा. स्क्रूच वाट काढेल म्हणून तो पिळून घालू नये, बँडचे आटे पहिल्यांदा तिथेच जातात.

कडी आणि पिन

इथे दोन वेगळे ढिलेपणे एकमेकांत मिसळले जातात. कडी डव्हटेलमध्ये ढिली असेल तर ती आडवी हलते, पुढे नाही. ट्यूब पुढे येत असेल तर दोष पिनचा. पिन झिजून बारीक झालेली असते किंवा कुणीतरी खिळ्याचा तुकडा घातलेला असतो. ड्रिल-रॉडमधून (नेमक्या मापाच्या पोलादी सळईतून) योग्य मापाची पिन कापून घ्या. टोकं गोल करा, म्हणजे कडीचं भोक खरवडणार नाही.

डव्हटेलचा ढिलेपणा काढताना बॅरलच्या खाचेत पंचाने टोचे मारायची जुनी सवय सोडून द्यावी. कडीचं बूड हलकं ठोकून पसरवा, किंवा खाली ०.०५ मिमी पितळी पत्र्याची पट्टी घाला. बिघडली तर कडी नवी मिळते.

प्लगचा स्क्रू: सगळ्यात फसवी जागा

चौथ्या तऱ्हेत, जिथे स्क्रूचं टोक बॅरलच्या खळग्यात शिरायला हवं, तिथे स्क्रू घट्ट असूनही ट्यूब सरकते आणि माणूस चक्रावतो. कारण साधं असतं. आधी कुणीतरी स्क्रू बदलला, तो अर्धा मिलिमीटर आखूड. आता तो प्लगला ट्यूबशी पक्का जोडतो, पण बॅरलला शिवत नाही. ट्यूब आणि प्लग हातात हात घालून पुढे चालत येतात. थ्रेडलॉकरने हे सुटत नाही. उलट स्क्रू पुढच्या वेळी काढणं अवघड होतं.

तपासायची रीत अशी: खळगा स्पिरिटने पुसून कोरडा करा. स्क्रूच्या टोकाला मार्करचा ठिपका लावा, स्क्रू पूर्ण बसवा, ट्यूब बोटांनी पुढे-मागे ढकला, स्क्रू काढा. रंग खळग्याच्या पुढच्या भिंतीला लागला तर पोहोच ठीक. रंग कुठेच नाही, तर आखूड. रंग खळग्याच्या तळाला लागला आणि स्क्रूचं डोकं ट्यूबवर टेकत नाही, तर लांब. लांब स्क्रू ट्यूबला बॅरलपासून खाली रेटतो. पुढच्या टोकाशी ट्यूब आणि बॅरलमध्ये कागद सरकवला तर सहज जातो. असा स्क्रू टोकाकडून कानशीने एका वेळी केसभर कमी करावा.

पोहोच ठीक असूनही सरकत असेल तर खळग्याचा आकार पाहा. ड्रिलच्या टोकाने पाडलेला खळगा शंकूसारखा असतो. उतरत्या भिंतीवरून स्क्रूचं टोक धक्क्यासरशी घसरून खाली येतं. खळग्याची भिंत सरळ आणि स्क्रूचं टोक सपाट हवं. हे काम चपट्या कटरने, आहे त्याच खोलीत, मिलिंग मशीनवर होतं. घरच्या हँड-ड्रिलने ‘थोडं आणखी खोल’ करू नका. हिशेब करून बघा: बॅरल तोंडाशी १६ मिमी जाड आणि .३०-३० चं आतलं माप ७.८ मिमी धरलं तर भिंत ४.१ मिमी उरते. .४५-७० चं आतलं माप ११.६ मिमी, बॅरल १७ मिमी असली तरी भिंत २.७ मिमीच.

स्टडच्या पद्धतीत आट्यांची झीज जास्त दिसते. ट्यूबमधलं स्क्रूचं भोकही गोलाचं अंडाकृती होतं. भोक एक मिलिमीटर लांबलं असेल तर ट्यूब तेवढीच पुढे जाऊन थांबते, त्यापुढे जात नाही. इथे नवा स्क्रू घालून उपयोग नाही, ट्यूब बदलावी लागते.

आणि कृपा करून हार्डवेअरच्या दुकानातला ‘बसतोय की’ स्क्रू नको. अमेरिकी ८-३२ स्क्रूचा व्यास ४.१७ मिमी, आट्यांतलं अंतर ०.७९ मिमी. मेट्रिक एम-४ चा व्यास ४.०० आणि अंतर ०.७०. एम-४ दोन फेरे गोडीत जातो, मग आटे कापत जातो. जुन्या विंचेस्टरचे आटे तर कधी आजच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत. रायफलीच्या मॉडेलसाठी बनवलेलाच स्क्रू मागवा.

थ्रेडलॉकर लावायचं तर शेवटी, अडवणूक नीट झाल्यावर. जांभळं, कमी ताकदीचं (लॉकटाइट २२२ सारखं) पुरतं. आटे अ‍ॅसिटोनने कोरडे करा, एक थेंब, आणि २४ तास हात लावू नका. लाल कधीच नको. स्क्रू अंगठा आणि दोन बोटांनी आवळला जाईल तेवढाच.

आवळल्यावर नेम बिघडला

ट्यूब थांबली, पण गोळ्या एकाच उभ्या रेषेत पसरायला लागल्या? म्हणजे आता ती जास्तच बांधली गेली. पोलाद तापलं की दर अंशाला लांबीच्या साधारण बारा दशलक्षांशाने वाढतं. २० इंची, म्हणजे ५०८ मिमी बॅरल ६० अंशांनी तापली तर जवळजवळ ०.३७ मिमी लांबते. खालची ट्यूब त्या मानाने गारच असते. ट्यूब दोन्ही टोकांनी जखडलेली असेल तर ती बॅरलला एका बाजूने ओढून धरते आणि बॅरल वाकते. पहिला बार बरोबर, पाचवा भलतीकडे, गार झाल्यावर पुन्हा बरोबर: ही त्याची खूण.

म्हणून ट्यूबला पुढे एकाच जागी अडवा, बाकी ठिकाणी तिला श्वास घेऊ द्या. बँड बोटांनी चढला पाहिजे; ठोकून चढवावा लागत असेल तर आतून बारीक पॉलिश पेपरने घासा, ट्यूबला नाही, बँडला. फोरएंडचं मागचं टोक रिसीव्हरवर दाबलेलं नको. तिथे कागदाच्या दोन-तीन पट्ट्या सरकतील एवढी, साधारण पाव मिलिमीटर जागा हवी. दमट हवेत लाकूड फुगतं आणि ही जागा आधी नाहीशी होते. लाकूड घासलं तर उघड्या टोकाला तेल किंवा पॉलिश लावून बंद करा.

सरकत नाही, पण काडतूस अडतं

ट्यूब पुन्हा बसवल्यावर हे हमखास होतं. काही ट्यूबच्या मागच्या टोकाला काप असतो. ट्यूब थोडी फिरली तर काडतुसाचं बूड त्या कडेला अडतं. पुढचं स्क्रूचं भोक अगदी खाली, सहा वाजता आलं की काप आपोआप जागेवर येतो. ट्यूब जास्त मागे गेली तर लिव्हर उघडताना कॅरिअर, म्हणजे काडतूस वर उचलणारा भाग, तिच्या कडेला घासतो आणि लिव्हर जड लागते. जास्त पुढे राहिली तर रिसीव्हर आणि ट्यूबमध्ये फट पडते. तपासणी डमी काडतुसांनीच करायची, जिवंत नाही: ट्यूब पूर्ण भरा, सगळी एका दमात काढा, तीनदा. फक्त शेवटचं डमी अडत असेल तर दोष फॉलोअरचा किंवा पोच्याचा, जोडणीचा नाही.

.२२ रिमफायरच्या अनेक रायफलींत बाहेरची ट्यूब बॅरलला पक्की असते आणि आतली पितळी ट्यूब गोल फिरवून बाहेर काढता येते. तिथे ‘ट्यूब बाहेर येते’ ही तक्रार आली की बहुतेक वेळा आतल्या ट्यूबची कुलूप-पिन झिजलेली असते. बाहेरच्या ट्यूबचे स्क्रू उगीच उघडू नका.

अमेरिकेत स्वतःच्या रायफलीचा स्क्रू किंवा पिन बदलणं हे मालकाचं रोजचं काम आहे. भारतात वारसाने आलेली परवान्याची लिव्हर-अ‍ॅक्शन असेल तर साफसफाईपलीकडे स्वतः जाऊ नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये शस्त्र बनवण्या-विकण्याबरोबर दुरुस्तीलाही परवाना लागतो. टेपची आणि रिकाम्या-भरल्या ट्यूबची चाचणी परवानगी असलेल्या रेंजवर करून घ्या, रेघांचे फोटो काढा, आणि ते परवानाधारक गनस्मिथसमोर ठेवा. ‘ट्यूब ढिली आहे’ एवढंच सांगितलं तर तोही आधी स्क्रूच आवळेल.